बाळ कशाने गेले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे आमच्या वस्तीतील एका घरातून आक्रोश ऐकू आला म्हणून आम्ही धावत गेलो. अडीच महिन्यांची मुलगी. रात्री दोनच्या सुमारास आईने तिला पाजले आणि कुशीत घेऊन झोपली. पाचला उठून पाहते तो बाळ गार पडलेले. ना ताप, ना खोकला, ना जुलाब. आदल्या दिवशीच ती आजीकडे पाहून खुदकन हसली होती. जवळच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मान हलवली आणि 'घेऊन जा' एवढेच सांगितले. कसला कागद नाही, कसली चौकशी नाही. दुपारच्या आत जाणत्या मंडळींनी त्रिसरण घेऊन त्या लेकराला माती दिली.

संध्याकाळपासूनच कुजबुज सुरू झाली. 'झोपेत अंगाखाली आली असेल.' 'दुधाचा ठसका लागला असेल, हिला कळले नाही.' आणि त्याहून हलक्या आवाजात, 'दुसरीही मुलगीच होती ना?' ज्या बाईच्या छातीत दूध दाटून दुखत होते, तिच्याच अंगणात बसून ही वाक्ये बोलली जात होती.

तीन महिन्यांनी ती बाई आमच्याकडे आली. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, माझी सोनी कशानं गेली? माझ्याच अंगाखाली आली का हो?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आता ते कोणाजवळच असणार नव्हते. ज्या सकाळी ते मिळू शकले असते, त्या सकाळी कोणी विचारले नाही, कोणी पाहिले नाही, कोणी लिहून ठेवले नाही. तेव्हापासून हा विषय आमच्या मनात आहे. धडधाकट तान्हे मूल एकाएकी गेले तर त्याची चौकशी व्हावी काय? कोणी करावी? कशी करावी? ज्या देशांनी यासाठी कायदे केले, त्यांना ते कोणती किंमत मोजून सुचले? आज वाचकांपुढे तेच मांडतो.

दुःखाला नाव मिळाले

एक वर्षाच्या आतील मूल झोपेत, कोणतेही आजारपण नसताना दगावते, हे जगभर पूर्वापार घडत आले आहे. इंग्रज लोक त्याला 'कॉट डेथ' म्हणजे पाळण्यातला मृत्यू म्हणत. १९६९ साली अमेरिकेतील सिएटल शहरी तज्ज्ञांची परिषद भरली. तिने या मृत्यूला 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम' असे नाव दिले आणि त्याची व्याख्या केली. थोडक्यात त्याला 'सिड्स' म्हणतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सिड्स हे कारण नव्हे. सर्व तपास करूनही कारण सापडले नाही, याची ती प्रामाणिक कबुली आहे. म्हणूनच तपास न करता हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणाला नाही.

त्या काळी अमेरिकेत अशा घरात पहिला पाय पडे तो पोलिसांचा. ज्यांचे मूल नुकतेच गेले त्या आईबापांना गुन्हेगारासारखे प्रश्न विचारले जात. आईबाप संघटित झाले आणि आपली कहाणी त्यांनी थेट संसदेपुढे मांडली. सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी पुढाकार घेतला आणि २२ एप्रिल १९७४ रोजी सिड्सविषयीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. संशोधनाला पैसा, लोकांना माहिती आणि मूल गमावलेल्या घरांना समुपदेशन, एवढाच त्याचा आवाका होता. तरी त्याचे मोल मोठे आहे. मूल असे गेले तर आईबाप आपोआप आरोपी ठरत नाहीत, त्यांनाही आधार लागतो, हे एका देशाच्या कायद्यात लिहिले गेले.

पण केवळ सहानुभूतीने भागले नाही. तपास ठिकठिकाणी निराळा होई. एका गावात शवविच्छेदन होई, दुसऱ्यात नाही. एक अधिकारी 'सिड्स' लिही, दुसरा 'गुदमरून', तिसरा 'कारण अज्ञात'. १९९१ साली तज्ज्ञांनी व्याख्या कडक केली. संपूर्ण शवविच्छेदन, मृत्यू झाला त्या जागेची पाहणी आणि बाळाच्या तब्येतीचा मागचा इतिहास, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय सिड्स म्हणायचे नाही. १९९६ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने चौकशीसाठी एक छापील फॉर्म तयार केला. २००६ मध्ये तो सुधारून काढला. बाळ कसे निजवले होते, कसे सापडले, अंगाखाली काय होते, तोंडाजवळ काय होते, खोलीत किती उकाडा होता, शेवटचे दूध कधी पाजले, असे बारीक प्रश्न त्यात आहेत. चौकशी करणारा सोबत एक बाहुली नेतो आणि ज्याने बाळ पाहिले त्याला ती बाहुली तशीच ठेवून दाखवायला सांगतो. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्या वस्तीतील ते घर आले. त्या आईला कोणी बाहुली दिली असती तर तिने काय दाखवले असते? कदाचित बाळ तिच्यापासून हातभर दूर होते, हेच दिसले असते.

अमेरिकेत अजूनही राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. २०२० च्या अखेरीस तेथील केंद्र सरकारने आणखी एक कायदा करून राज्यांना अशा मृत्यूंचा तपास आणि नोंदी सुधारण्यासाठी मदत देण्याची सोय केली.

एका आईला जन्मठेप

चौकशी घाईने, पूर्वग्रहाने आणि चुकीच्या हिशेबाने झाली तर काय होते, हे पाहायला इंग्लंडकडे वळावे लागते.

सॅली क्लार्क ही वकील बाई. शिकलेली, चांगल्या नोकरीतली, सुखवस्तू घरची. डिसेंबर १९९६ मध्ये तिचा ११ आठवड्यांचा मुलगा एकाएकी गेला. श्वसनाचा संसर्ग, असे कारण त्या वेळी लिहिले गेले. जानेवारी १९९८ मध्ये दुसरा मुलगा गेला, तो ८ आठवड्यांचा होता. दुसऱ्याच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन करणाऱ्या त्याच डॉक्टरांनी पहिल्या मृत्यूबद्दलचेही आपले मत बदलले. आईवर दोन खुनांचा आरोप ठेवला गेला.

खटल्यात सर रॉय मेडो हे नामवंत बालरोगतज्ज्ञ साक्षीला उभे राहिले. ते म्हणाले, अशा सुस्थितीतील, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या घरात एक मूल सिड्सने जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन मुले जाण्याची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. असे शंभर वर्षांतून एखादेवेळी घडेल. हा आकडा ऐकल्यावर ज्यूरी काय करणार? नोव्हेंबर १९९९ मध्ये १० विरुद्ध २ अशा मतांनी तिला दोषी ठरवून जन्मठेप देण्यात आली.

हिशेब चुकला होता, आणि तो समजायला मोठे गणित लागत नाही. एका घरात थोरल्याला गोवर निघाला, तर धाकट्याला तो निघण्याची शक्यता शेजारच्या गावातील मुलाइतकीच असते काय? घर एक, रक्त एक, हवा एक. जे दडलेले कारण पहिल्या बाळाला घेऊन गेले, तेच दुसऱ्यालाही घेऊन जाऊ शकते. तेव्हा त्या आकड्यांचा गुणाकार करताच येत नाही. दुसरी चूक याहून मोठी. लॉटरीचे पहिले बक्षीस लागणे लाखांत एखाद्याच्या नशिबी असते. पण ज्याला ते लागले त्याने लबाडी केली, असे आपण म्हणत नाही. घटना दुर्मीळ आहे एवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही. आईने दोन मुले मारणे हीदेखील अतिशय दुर्मीळच गोष्ट. दोन दुर्मीळ गोष्टींपैकी कोणती घडली, हे पुराव्याने ठरवायचे असते. ऑक्टोबर २००१ मध्ये इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर पत्रक काढून या आकड्याला शास्त्रीय आधार नाही, असे सांगितले.

पण सॅली तुरुंगातच होती. २००० सालचे पहिले अपील फेटाळले गेले होते. पुढे तिच्या बाजूच्या लोकांना इस्पितळाच्या कागदपत्रांत दुसऱ्या बाळाच्या तपासण्यांचे निकाल सापडले. त्या बाळाच्या शरीरात, मेंदू-मज्जारज्जूच्या पाण्यातसुद्धा, रोगजंतू मिळाले होते. बाळ संसर्गाने गेले असण्याची शक्यता त्यातून पुढे येत होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना हे निकाल ठाऊक होते, पण ते न्यायालयापुढे आलेच नव्हते. २९ जानेवारी २००३ रोजी शिक्षा रद्द झाली. तीन वर्षांहून अधिक काळ तिने बालहत्येचा डाग घेऊन तुरुंगात काढला होता. त्यातून ती सावरली नाही. मार्च २००७ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी ती वारली.

आजीची साक्ष

सॅली एकटी नव्हती. अँजेला कॅनिंग्ज या बाईची तीन बाळे गेली होती. त्यांपैकी दोन मुलांच्या खुनाबद्दल एप्रिल २००२ मध्ये तिलाही जन्मठेप झाली. डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. त्या निकालाचा सारांश सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जेथे जाणत्या डॉक्टरांमध्येच गंभीर मतभेद आहेत, नैसर्गिक मृत्यूची शक्यता नाकारता येत नाही आणि दुसरा ठोस पुरावा नाही, तेथे केवळ तज्ज्ञाच्या मतावर आईला दोषी धरणे सुरक्षित नाही. या निकालानंतर तेथील अ‍ॅटर्नी जनरलनी मागील अशा २९७ प्रकरणांची फेरतपासणी करविली.

याच सुमारास आणखी एक खटला झाला. आरोपी बाई भारतीय वंशाची, औषधशास्त्र शिकलेली. तिचीही तीन बाळे गेली होती. बचावासाठी तिची ऐंशीच्या घरातील आजी भारतातून विलायतेस गेली. आपल्याला बारा मुले झाली आणि त्यांतील पाच जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत गेली, असे त्या म्हाताऱ्या माउलीने दुभाष्याच्या मदतीने न्यायालयात सांगितले. घराण्यातच काही दोष उतरत आला असावा, ही शक्यता त्यातून पुढे आली. जून २००३ मध्ये ज्यूरीने त्या बाईला निर्दोष ठरवले.

आम्हाला ती आजी आपल्याच घरातली वाटते. आपल्या किती आज्या-पणज्यांनी 'दहा झाली, सहा जगली' असे सांगितले आहे! त्यांतल्या एकाचेही कारण कोठे लिहिलेले नाही. विलायतेच्या न्यायालयात नातीला वाचवायला कागद नव्हता, आजीची आठवण कामी आली. आठवण सांगायला आजी जिवंत नसती तर?

दुसरी बाजूही पाहू

याचा अर्थ प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यावेत, असा नाही. १९७२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. एका कुटुंबातील बाळे झोपेत श्वास थांबून जातात, हा घराण्यातला दोष आहे, असे त्यात म्हटले होते. तो लेख पुढे वर्षानुवर्षे प्रमाण मानला गेला. १९९० च्या दशकात कळले, की ती पाचही मुले आईनेच मारली होती. वॅनेटा हॉइट हे तिचे नाव. १९९५ मध्ये तिला शिक्षा झाली. पहिल्या बाळाच्या वेळी नीट चौकशी झाली असती, तर पुढची वाचली असती.

म्हणजे चूक दोन्हीकडे होते. न विचारता 'देवाघरी गेले' म्हटले, तर क्वचित गुन्हा झाकला जातो आणि बहुतेक वेळा आजाराचे कारण झाकले जाते. विचारण्याआधीच 'आईने मारले' म्हटले, तर निरपराध बाई जिवंतपणी मरते. दोन्हींवर उपाय एकच आहे. पहिल्याच दिवशी, सर्वांना सारखीच लागू असलेली, शांत आणि पूर्ण चौकशी.

इंग्लंडने काय केले

या खटल्यांनी इंग्लंड हादरले. तेथील पॅथॉलॉजिस्टांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजांनी मिळून एक समिती नेमली. नामवंत वकील हेलेना केनेडी तिच्या अध्यक्ष. सप्टेंबर २००४ मध्ये समितीने कार्यपद्धती सांगितली आणि २०१६ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. तिच्यातील मुख्य गोष्टी अशा:

बाळ गेलेले दिसत असले तरी त्याला थेट शवागारात न नेता इस्पितळात न्यावे. तेथे बालरोगतज्ज्ञाने त्याला तपासावे, नमुने घ्यावेत, आईबापांकडून सर्व हकीकत समजुतीने लिहून घ्यावी. आईबापांना बाळाला जवळ घेऊ द्यावे. त्यांची इच्छा असेल तर बाळाच्या हातापायांचे ठसे, जावळाची बट आठवण म्हणून द्यावी. शक्यतो २४ तासांच्या आत पोलीस आणि आरोग्य खात्याचा जाणकार यांनी *मिळून* त्या घरी जावे आणि बाळ निजले होते ती जागा पाहावी. शवविच्छेदन लहान मुलांच्या बाबतीत तरबेज असलेल्या डॉक्टरानेच करावे. सर्व अहवाल आल्यावर संबंधितांनी एकत्र बसून विचार करावा आणि आईबापांना काय सापडले ते सांगावे.

'मिळून' हा शब्द आम्ही मुद्दाम वेगळा छापला आहे. एकटा पोलीस गेला की घराला ठाणे कळा येते. एकटा डॉक्टर गेला तर कधी काही नजरेतून सुटते. दोघे एकत्र गेले की दुःखाचाही मान राहतो आणि सत्याचाही.

ही झाली कार्यपद्धती. तिच्यामागे कायद्याचे बळ उभे राहिले ते २००४ च्या 'चिल्ड्रेन अ‍ॅक्ट'मुळे. १ एप्रिल २००८ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या मृत्यूचा आढावा घेणे बंधनकारक झाले. श्रीमंताचे मूल असो वा गरिबाचे, गोऱ्याचे असो वा परदेशातून आलेल्याचे, आढावा प्रत्येकाचा. त्यासाठी ठिकठिकाणी समित्या आहेत. समितीपुढे मुलाचे नाव येत नाही, फक्त हकीकत येते. दोष कोणाचा हे ती ठरवत नाही. पुढचे मूल वाचवायला काय बदलता येईल, एवढेच पाहते. २०१७ च्या कायद्याने ही जबाबदारी स्थानिक प्रशासन आणि आरोग्य यंत्रणा यांच्यावर मिळून टाकली. मूल गमावलेल्या कुटुंबाला सर्व प्रश्न विचारता येतील असा एक ठरलेला माणूस द्यावा, असे पुढच्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले गेले. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नोंदी देशाच्या एका ठिकाणी जमा होतात.

नोंदीने काय मिळते

कोणी म्हणेल, गेलेले मूल चौकशीने परत येते काय? येत नाही. पण नोंदींनी किती मुले वाचली ते पाहा.

पाश्चात्त्य देशांत एके काळी डॉक्टर आणि परिचारिकाच सांगत, की बाळाला पालथे निजवा. हेतू चांगला होता. पुढे ब्रिस्टल, न्यूझीलंड वगैरे ठिकाणच्या अभ्यासकांनी गेलेल्या बाळांच्या नोंदी काढल्या आणि जगलेल्यांशी ताडून पाहिल्या. ठळकपणे दिसले, की झोपेत गेलेली बाळे पालथी निजवलेली होती. जुलै १९९१ मध्ये अ‍ॅन डायमंड या दूरदर्शनवरील प्रसिद्ध निवेदिकेचा मुलगा असाच गेला. तिने हा विषय हाती घेतला आणि डिसेंबर १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये 'बाळाला पाठीवर निजवा' ही मोहीम सुरू झाली. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, लस नाही, खर्च नाही. केवळ 'बाळ कसे निजले होते' हा प्रश्न प्रत्येक घरी विचारला आणि उत्तर लिहून ठेवले, म्हणून हे कळले.

आपल्याकडे काय आहे

अर्भकाच्या अकस्मात मृत्यूसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पण काहीच नाही, असेही नाही. जे आहे ते आपण वापरत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मूल एक दिवसाचे असले तरी त्याच्या मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. मृत्यू घरी झाला तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, इस्पितळात झाला तर इस्पितळाची. २१ दिवस उलटले तरी नोंद होते, पण विलंब शुल्क लागते. महिन्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचे कारण लिहून द्यायचे असते आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात. २०२३ च्या दुरुस्तीने हा नियम अधिक पक्का केला आहे.

२०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बालमृत्यूंच्या आढाव्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाच वर्षांखालील मूल गेले तर आशाताईंनी कळवायचे, मग आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन हकीकत विचारायची आणि जिल्हा पातळीवर आढावा घ्यायचा. हा कायदा नव्हे, सूचना आहेत. म्हणून त्या पाळल्या जाव्यात यासाठी आपण विचारत राहिले पाहिजे.

मृत्यू संशयास्पद असेल तर पोलिसांचा मार्ग निराळा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमात आहे. 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो, गरज वाटल्यास शवविच्छेदन होते. मुंबईकरांना जुने कॉरोनरचे न्यायालय आठवत असेल. ते १९९९ मध्ये बंद झाले. आपल्या या मार्गात एक गोष्ट नाही. दारात येणाऱ्या पोलिसासोबत लहान मुलांचा डॉक्टर नाही. मग लोक घाबरतात, 'बाळाला फाडतील' म्हणतात आणि घाईने माती देतात. ही भीती आम्ही समजू शकतो. पोलीस ठाण्यात आपल्या माणसांशी कसे बोलले जाते, हे आम्ही कोणाला सांगायला नको. पण त्या भीतीची किंमत पुढे आई भरते. चौकशी झाली नाही म्हणून ती सुटत नाही. वस्तीची कुजबुज तिचा खटला रोज चालवते. तेथे वकील नसतो, पुरावा नसतो आणि अपीलही नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या राज्यातही कायद्याने ठरले पाहिजे, की धडधाकट बाळ एकाएकी गेले तर डॉक्टर आणि पोलीस मिळून, प्रत्येक घरी सारख्याच पद्धतीने, मायेने चौकशी करतील, जे सापडेल ते आईबापांना सांगतील आणि लिहून ठेवतील. आपल्या आमदारांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना महिला मंडळांनी हे निवेदन द्यावे.

तोवर आपल्या हाती

बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवावे. उशी, लोळते पांघरूण, तोंडावर येणारी जाड गोधडी नको. घरात विडी-सिगारेट नको आणि आईच्या पोटात मूल असताना मिश्रीही नको. अंगावरचे दूध पाजावे. पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावे. दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा वजनाने कमी असलेल्या बाळाला आईच्या शेजारी, पण वेगळ्या अंथरुणावर निजवावे.

आणि एवढे करूनही एखादे बाळ गेलेच, तर त्याला सरकारी इस्पितळात न्या. कारण लिहून मागा. आशाताईंना कळवा. २१ दिवसांत नोंद करा. त्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा 'कसे झाले?' हे आईला उलटसुलट विचारू नका. तो प्रश्न जाणकाराने विचारायचा आहे. आपण तिच्या थोरल्या मुलाला जेवू घालावे, तिच्याजवळ बसावे.

त्या बाईला आम्ही शेवटी काय सांगितले, ते लिहून थांबतो. आम्ही म्हटले, "बाई, तुझी सोनी कशाने गेली ते आम्हाला ठाऊक नाही. पण ते तुलाही ठाऊक नाही आणि कुजबुजणाऱ्यांनाही नाही. ज्याचा पुरावा नाही तो दोष स्वतःच्या माथी घेऊ नकोस." ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तिचं नाव तरी कुठं लिहिता येईल का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर नगरपालिकेत गेलो. मुदत टळली होती. विलंब शुल्क भरले, अर्ज केला, परवानगीसाठी तीन फेऱ्या झाल्या. अखेर नोंद झाली. कारणाच्या रकान्यात काही नाही, पण नाव आहे, जन्मतारीख आहे, मृत्यूची तारीख आहे. त्या दाखल्याची घडी ती आई सोनीच्या झबल्यासोबत पेटीत जपून ठेवते.